राज्यशास्त्रात पीएचडी : विषय ठरला, पण प्रश्न कुठे आहे?

विचारलेलं थोडक्यात असं : राज्यशास्त्रात एम.ए. झालंय, नेट उत्तीर्ण आहे, तालुक्याच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतोय. विद्यापीठाच्या विभागात पीएचडीला प्रवेश घ्यायचाय. विषय ठरवलाय तो 'सोलापूर जिल्ह्यातील पंचायतराज संस्थांमधील महिला नेतृत्व : एक चिकित्सक अभ्यास'. संशोधन आराखडा कसा लिहावा, प्रबंध मराठीत लिहिला तर चालेल का, आकडेवारी किती असावी आणि पुढे याचा उपयोग काय?

मी विद्यापीठाच्या विभागात बरीच वर्षं शिकवलं, संशोधकांना मार्गदर्शन केलं, दुसऱ्या विद्यापीठांतून आलेले प्रबंध परीक्षक म्हणून वाचले. त्यावरून आधी एक गोष्ट सांगतो, बाकीचं सगळं तिच्या मागून येईल. तुम्ही जे लिहिलंय तो विषय आहे. त्यात अजून प्रश्न नाही. आणि प्रश्न नसताना आराखडा लिहायला बसलात तर तो आराखडा कोणत्याही जिल्ह्याला लागू पडेल असाच होईल.

शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जाऊन हेच शब्द टाकून बघा. फक्त जिल्ह्याचं नाव बदललेले अनेक प्रबंध निघतील. त्यांची मांडणीही बहुतेक एकाच वळणाची असते. एका प्रकरणात पंचायतराजचा इतिहास : १९५७ ची बलवंतराय मेहता समिती, मग वसंतराव नाईक समिती, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा, १९९३ मध्ये अमलात आलेली ७३ वी घटनादुरुस्ती, २०११ मध्ये महाराष्ट्रात महिलांना ५० टक्के आरक्षण. पुढच्या प्रकरणात जिल्ह्याचं पर्जन्यमान, नद्या, तीर्थक्षेत्रं. मग प्रश्नावली, वर्तुळालेख, आणि शेवटी निष्कर्ष : महिलांचं सक्षमीकरण काही प्रमाणात झालं आहे, मात्र कुटुंबातील पुरुषांचा हस्तक्षेप आढळतो.

हा निष्कर्ष खोटा नाही. पण तो गावात पाऊल न टाकताही लिहिता आला असता. संशोधनाचा प्रश्न खरा आहे की नाही हे तपासायला मी विद्यार्थ्यांना एवढंच विचारतो : तुमच्या प्रश्नाची किमान दोन उत्तरं संभवतात का, आणि कोणतं बरोबर ते आज तुम्हाला माहीत नाही, असं आहे का? दोन्हींना 'हो' म्हणता आलं तर काम सुरू करा. उत्तर आधीच ठाऊक असेल तर तीन-चार वर्षं त्याच्यावर घालवू नका.

महिला आरक्षणावर असा प्रश्न कसा उभा राहतो याचं एक उत्तम उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. मुंबई महापालिकेत महिलांसाठी प्रभाग राखीव झाले आणि दर निवडणुकीला ते बदलत गेले. एकदा राखीव असलेला प्रभाग पुढच्या वेळी खुला होतो. तेव्हा बाईला तिथून पुन्हा संधी मिळते, की आरक्षण उठलं की सगळं पूर्वपदावर जातं? राजकीय वर्तुळात दोन्ही बाजूंनी ठामपणे बोलणारे होते. राज्यशास्त्राचे अभ्यासक रिखिल भावनानी यांनी १९९७ मध्ये राखीव असलेले आणि नसलेले, पण २००२ मध्ये खुले असलेले प्रभाग शेजारी शेजारी ठेवले. जिथे आधी आरक्षण होतं तिथे खुल्या जागेवर बाई निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट निघाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचं बळ कशात आहे? कोणता प्रभाग राखीव होणार हे नगरसेवकाच्या ताकदीवर किंवा तिथल्या बायकांच्या जागरूकतेवर ठरलेलं नव्हतं, ते सोडतीने ठरलं होतं. त्यामुळे दोन्ही प्रकारचे प्रभाग बाकी बाबतींत सारखे मानता येत होते. फरक दिसला तो आरक्षणाचा, असं म्हणायला जागा होती.

आता तुमच्या जिल्ह्याकडे या. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामपंचायतींत असं काही घडलंय, की त्याकडे राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी धावत जायला हवं होतं. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा झाला. २०२० मध्ये सरकार बदलल्यावर तो रद्द झाला आणि सरपंच पुन्हा सदस्यांमधून निवडला जाऊ लागला. २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदललं, पुन्हा थेट निवड आली. त्यात ग्रामपंचायतींच्या मुदती एकाच वेळी संपत नाहीत. म्हणजे काय झालं? २०१७ च्या शेवटी ज्या गावांत मतदान झालं तिथे थेट सरपंच, आणि त्यांची मुदत २०२२ मध्ये संपल्यावर पुन्हा थेट सरपंच. कोविडमुळे लांबलेलं मतदान ज्या गावांत १५ जानेवारी २०२१ ला झालं तिथे मात्र सदस्यांमधून सरपंच. एकाच तालुक्यात, एकाच पंचायत समितीच्या हद्दीत, दोन्ही पद्धतींची गावं कित्येक वर्षं शेजारी शेजारी नांदली.

इथे मला प्रश्न दिसतो. सदस्यांनी निवडलेली सरपंचबाई बहुमतवाल्या पॅनेलच्या मर्जीने खुर्चीवर असते. थेट निवडलेली बाई गावाच्या मतावर येते, पण तिच्या विरोधातल्या पॅनेलचं बहुमत असू शकतं. आणि उपसरपंच त्या बहुमताचाच. मग कोणत्या बाईच्या हातात अधिक अधिकार राहतो? थेट मतांचं पाठबळ असलेली बाई खमकी होते, की उलट मासिक सभेत एकटी पडते? मला स्वतःला याचं उत्तर ठाऊक नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न तुमच्यापुढे ठेवतोय. २०२१ च्या वेळची आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे : तेव्हा सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदानानंतर काढली होती. पद कोणत्या प्रवर्गाला जाणार हे ठाऊक नसताना पॅनेल उभी राहिली. सोडतीनंतर काही ठिकाणी ज्यांच्याकडे बहुमत होतं त्यांच्याकडे त्या प्रवर्गाचा सदस्यच नसेल, तर पुढे काय झालं? एवढ्या एका गोष्टीवर एक चांगला शोधनिबंध होईल.

घाईने मात्र तुलना करू नका. २०१७ चा गट आणि २०२१ चा गट मुळात वेगळे का, हे तपासावं लागतं. बहुतेक गावांची मुदत जुन्या वेळापत्रकाने चालत आलेली असते, पण ग्रामपंचायतीचं विभाजन, नव्या ग्रामपंचायतीची स्थापना, न्यायालयीन स्थगिती अशा कारणांनी एखादं गाव गटातून बाहेर पडलेलं असतं. सरपंचपदाचं महिला आरक्षणही मुंबईच्या प्रभागांइतकं सरळ नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या पदांचा संबंध लोकसंख्येच्या प्रमाणाशी आहे आणि पदं फिरती असल्याने आधी राखीव गेलेली गावं बाजूला ठेवली जातात. तहसील कार्यालयातून सोडतींच्या जुन्या याद्या मिळवून, गावाला कोणत्या वर्षी कोणतं आरक्षण होतं याचा तक्ता स्वतः तयार करा. माहिती अधिकाराचा अर्ज लागला तर करा, पण आधी समोर जाऊन विचारा. बऱ्याचदा कारकून कपाटातून फाईल काढून देतात.

खर्चाच्या आकड्यांबद्दल विशेष सांभाळून राहा. २००४ मध्ये राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांचा बीरभूम (पश्चिम बंगाल) आणि उदयपूर (राजस्थान) इथल्या पंचायतींवरचा अभ्यास आला. महिला प्रमुख असलेल्या पंचायतींत बायकांच्या गरजेच्या कामांवर, मुख्यतः पिण्याच्या पाण्यावर, जास्त गुंतवणूक झाली असं त्यात दिसलं. ते वाचून आपल्याकडचे विद्यार्थी ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या हिशोबाच्या सरकारी पोर्टलवरून खर्च उतरवतात आणि पाण्यावरचा खर्च वाढला की श्रेय सरपंचबाईला देऊन मोकळे होतात. पण पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे त्याच कामांवर खर्चायचा होता. सरपंच पुरुष असो वा बाई, तो पैसा तिथेच जाणार. बाईच्या निर्णयाचा माग घ्यायचा तर उरलेल्या अबंधित निधीत आणि ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नात घ्या. आणि पाण्याच्या कामातही टाकी कोणत्या वस्तीत बांधली, हे बघा. त्यासाठी पोर्टल पुरत नाही. नमुना १ ते ३३ ची दप्तरं (ग्रामपंचायतीच्या ठरावीक नोंदवह्या), मासिक सभेचं आणि ग्रामसभेचं प्रोसिडिंग म्हणजे इतिवृत्त, आणि गावातून पायी फेरी, हे तिन्ही लागतं.

प्रोसिडिंगबद्दल दोन शब्द. ते बऱ्याचदा सभा झाल्यावर, ग्रामसेवकाच्या सोयीने लिहिलं जातं (ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). 'सर्वानुमते मंजूर' या शब्दांमागे तासभराचं भांडण दडलेलं असू शकतं, किंवा सभा झालेलीच नसू शकते. म्हणून प्रोसिडिंग टाकून देऊ नका. सूचक कोण, अनुमोदक कोण, सह्या कुणाच्या, कोणत्या विषयाला सहीच्या जागी अंगठा, हे सगळं बोलतं. एकाच ठरावाबद्दल सरपंच, विरोधी सदस्य आणि ग्रामसेवक अशा तिघांना वेगवेगळं विचारलं की चित्र बरंचसं उभं राहतं.

मुलाखतींची अडचण तुम्हाला पहिल्याच गावात भेटेल. तुम्ही बाईंना भेटायला जाल आणि पती, दीर नाहीतर मुलगा समोर बसून उत्तरं देईल. त्याला हाकलू नका. तो काय बोलतो, कोणत्या प्रश्नावर बाई मध्येच बोलल्या, कोणत्या कागदाबद्दल तिला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं, हे टिपून ठेवा. तीच तुमची सामग्री आहे. मग दुसऱ्या दिवशी शाळेत, अंगणवाडीत किंवा बचत गटाच्या बैठकीत बाईंना पुन्हा गाठा. शक्य असेल तर सोबत एखादी विद्यार्थिनी असू द्या. 'तुमचं सक्षमीकरण झालं असं वाटतं का?' हा प्रश्न कुणालाही विचारू नका. त्याला 'हो' शिवाय उत्तर येत नाही. 'मागच्या ग्रामसभेत कोणता विषय निघाला? बीडीओंना (गटविकास अधिकाऱ्यांना) शेवटचं कधी भेटलात? एकट्या गेलात का? धनादेशावर सही करण्याआधी काय वाचलंत?' असं घडलेल्या गोष्टींबद्दल विचारा. जी बाई पहिल्या भेटीत गप्प असते, तीच बिलावरून ठेकेदाराशी कसं वाजलं ते तिसऱ्या भेटीत तासभर सांगते, हे मी विद्यार्थ्यांच्या टिपणांत वारंवार वाचलंय.

आणि एक जबाबदारी. गाव लहान असतं. 'माढा तालुक्यातील दोन हजार वस्तीच्या गावातील अनुसूचित जातीच्या महिला सरपंच' असं लिहिलंत की नाव न देताही ती बाई सगळ्यांना कळते. तिने विश्वासाने सांगितलेलं तिच्यावर उलटू शकतं. गावाचं नाव बदला, लागलं तर तपशीलही ढवळा, आणि काही गोष्टी छापूच नका.

आकडेवारी किती, हे तुमच्या प्रश्नावर अवलंबून आहे. तालुक्यातल्या सगळ्या गावांची तुलना करायची असेल तर साधं सांख्यिकी शास्त्र शिकावंच लागेल, आणि ते शिकता येतं. चार गावांत खोल जायचं असेल तर टक्केवारीचा मोह टाळा. चाळीस जणांच्या उत्तरांची टक्केवारी काढून 'ग्रामीण महाराष्ट्रातील' असा शब्द वापरणं बरोबर नाही. सर्वेक्षण करायचंच असेल तर ते नीट कसं करतात हे दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या लोकनीती या सर्वेक्षण उपक्रमातून शिका. पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाचा, सुहास पळशीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे, या उपक्रमाशी जवळचा संबंध राहिला आहे. तिथे मतदारयादीतून ठरावीक पद्धतीने नावं निवडतात आणि त्याच माणसाच्या घरी जातात. भेटेल त्याला पारावर गाठून फॉर्म भरून घेत नाहीत. मत कुणाला दिलं हा प्रश्न आला की नमुना मतपत्रिका हातात देऊन खोक्यात टाकायला सांगतात, म्हणजे शेजारी ऐकणाऱ्यांसमोर बोलावं लागत नाही. तुमच्याजवळच्या विभागात असं सर्वेक्षण चाललं असेल तर तपासनीस म्हणून काम करा. पुस्तकातून हे येत नाही.

एकच जिल्हा किंवा एकच तालुका घेणं लहान काम आहे, असं मनात आणू नका. पुणे विद्यापीठात व. म. सिरसीकरांनी साठच्या दशकात ग्रामीण नेतृत्वाचा अभ्यास केला. बी. एस. बावीसकर कोपरगावच्या साखर कारखान्यात जाऊन राहिले, अँथनी कार्टर यांनी फलटण तालुका घेतला. ही कामं आजही वाचली जातात. बावीसकरांना कारखान्याचं वर्णन करायचं नव्हतं, सहकारातलं राजकारण आणि कारखान्याचा कारभार यांचं नातं शोधायचं होतं. तुम्ही सोलापूर का घेतलंत, याला 'तिथे राहतो म्हणून' हे उत्तर प्रामाणिक असलं तरी पुरेसं नाही. दोन्ही पद्धतींची गावं तिथे एका हद्दीत मिळतात, हे उत्तर पुरतं. महिलांच्या पंचायतींचा इतिहास घ्यायचा असेल तर ७३ व्या दुरुस्तीपासून सुरुवात करू नका. शेतकरी महिला आघाडीच्या प्रेरणेने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जळगावचं विटनेर, यवतमाळचं मेटीखेडा इथे पूर्ण महिला पॅनेल निवडून आली होती, तेव्हा ७३ वी दुरुस्ती व्हायची होती. ती गावं तुमच्या तुलनेला वेगळी खोली देतील.

सिद्धांताचं प्रकरण वेगळं काढून पहिल्या शंभर पानांत पुरून टाकू नका. राजकीय सिद्धांताच्या अभ्यासक हॅना पिटकिन यांनी १९६७ मध्ये प्रतिनिधित्वाची जी फोड केली, म्हणजे आपल्यासारखं कुणी सभागृहात बसणं वेगळं आणि तिने आपल्या वतीने काम करणं वेगळं, ती तुमच्या सरपंचबाईच्या प्रत्येक ठरावाला लावून बघा. लागू पडत नसेल तर का, ते लिहा. मार्गदर्शक म्हणून मला सर्वांत आनंद होतो तो अशी पानं वाचताना.

मराठीत प्रबंध लिहा. अवश्य लिहा. तुमची सामग्री मराठीत बोलते, तिला मराठीतच धार राहते. विभागाची परवानगी आणि परीक्षक मिळण्याची सोय आधी विचारून घ्या. मात्र इंग्रजी वाचण्यातून सुटका नाही, कारण वर सांगितलेले बहुतेक अभ्यास तिथेच आहेत. प्रबंधातला एक भाग इंग्रजीत लेख म्हणून लिहा आणि दुसरा 'समाज प्रबोधन पत्रिके'सारख्या मराठी नियतकालिकाकडे पाठवा. महाराष्ट्र राज्यशास्त्र व लोकप्रशासन परिषदेच्या अधिवेशनात निबंध वाचा, तिथे तुमच्याच जिल्ह्यावर काम करणारे भेटतात. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. प्रबंध सादर करण्यासाठी शोधनिबंध छापलेला असण्याची यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) सक्ती २०२२ च्या नियमांत उरलेली नाही, आणि मान्य नियतकालिकांची त्यांची केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली. विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे तेवढा बघा. घाईने छापलेला वाईट लेख पुढे आयुष्यभर तुमच्या नावावर राहतो.

नियमांचं पटकन सांगतो. जून २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएचडी प्रवेश सुरू झाला. फेलोशिप नसलेल्यांसाठी नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो आणि ते गुण एकच वर्ष चालतात, तेव्हा तुमचा निकाल कधीचा ते तपासा. पीएचडीचा अभ्यासक्रम (कोर्सवर्क) १२ ते १६ श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिटचा. किमान तीन, कमाल सहा वर्षं. महिला आणि दिव्यांग संशोधकांना दोन वर्षं जास्त. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. आर्थिक मदतीसाठी प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या आणि सर्वांसाठी आयसीएसएसआर या केंद्रीय समाजविज्ञान संशोधन परिषदेच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. वेळ काढून नोकरी सांभाळत क्षेत्रकार्य करणं फार जड जातं.

मार्गदर्शक निवडताना नावाच्या वलयाकडे बघू नका. त्यांच्या विद्यार्थ्यांचे अलीकडचे प्रबंध काढून वाचा. ते एकमेकांच्या साच्यातले असतील तर तुमचाही तसाच होईल. आधीच्या विद्यार्थ्यांना विचारा की प्रकरण दिल्यावर ते किती दिवसांनी परत येतं आणि त्यावर पेन्सिलीच्या खुणा असतात का. दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण असतं. जिथे ते फक्त सह्यांपुरतं उरकतात, त्या विभागात तुम्हाला एकट्याने वाट काढावी लागेल. जिथे आठवड्याचा चर्चावर्ग भरतो, तिथे प्रवास लांबचा पडला तरी जा.

उपयोगाचं स्पष्ट बोलतो. सहायक प्राध्यापकपदासाठी १ जुलै २०२३ पासून नेट-सेट ही किमान पात्रता पुरते, पीएचडी बंधनकारक नाही. निवडीत तिला वजन आहे आणि सहयोगी प्राध्यापक व्हायला ती लागतेच. पण कायम जागा कमी निघतात, हे तुम्ही तासिका तत्त्वावर रोज अनुभवताय. फक्त नोकरीसाठी पीएचडी करणार असाल तर आधी जागांचं गणित घरच्यांसोबत बसून मांडा. काम मनापासून करायचं असेल तर मात्र हा काळ सोन्यासारखा आहे. थेट आणि सदस्यांमधल्या सरपंचांची ही जोडी कायद्याने जुळून आलेली आहे. पुढच्या निवडणुका होत जातील तशी ती मोडेल आणि २०२१ च्या सरपंचबाईंच्या आठवणीही पुसट होतील.

तेव्हा आराखडा लिहायला आत्ताच बसू नका. एक तालुका घ्या. तहसील कार्यालयातून गावनिहाय निवडणुकीचं वर्ष, सरपंच निवडीची पद्धत आणि आरक्षण, एवढा तक्ता करा. त्यातून दोन्ही पद्धतींची, शक्यतो सारख्या लोकसंख्येची चार गावं काढा आणि प्रत्येक गावच्या माजी किंवा आजी सरपंचबाईंना एकदा भेटून या. मग एका पानावर लिहा : प्रश्न काय, त्याची दोन संभाव्य उत्तरं कोणती, आणि कोणता पुरावा सापडला तर कोणतं उत्तर खोटं ठरेल. ते पान घेऊन मार्गदर्शकांकडे जा.